कोणती आणि का

भाईंदरला फराळाला आलेला भाचा म्हणाला, "मामा, नामिबियात कुडूच्या शिकारीला निघालोय. रायफल .३७५ ची घेऊ, की .३०-०६?"

"जिच्या धक्क्याला तुझा खांदा भीत नाही, ती. भ्यालेल्या हाताचा नेम चुकतो आणि जखमी जनावर रानात तडफडत राहते."

उत्तर बिनचूक होते. तरी मन खट्टू झाले. १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांचा नेमही अचूकच होता; त्यांनी मारलेले तीन चित्ते हिंदुस्थानातले नोंदलेले अखेरचे ठरले. २०२२ साली त्याच नामिबियातून आपण आठ चित्ते आणले!

बंदूक कोणती, हे दुकानदारही सांगेल. ती उचलायची कशासाठी, हे विचारायला घरचे माणूस लागते. मी ते विचारलेच नाही.