न कळणाऱ्या शाळेची फी

हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या शाँ द मार्स चौकात, शहर शांत होतं त्या काळात, अंधार पडला की शाळकरी मुलं दिव्याच्या खांबांखाली येरझारा घालत मोठ्यानं पाठांतर करत. घरी वीज नसे. परदेशी छायाचित्रकारांना हे दृश्य फार आवडे आणि 'ज्ञानाची तहान' असा मथळा त्याला आपोआप मिळे. तहान खरीच होती. पण मुलं घोकत होती ती फ्रेंच वाक्यं, आणि त्यांतल्या अनेकांना त्यांचा अर्थ सांगता आला नसता. घरी, बाजारात, भांडताना, देवाला आळवताना त्यांच्या तोंडी होती क्रेओल.

हैतीतल्या साक्षरतेला हातभार लावू पाहणाऱ्यानं आधी इथं थांबायला हवं. जागतिक बँकेच्या 2016च्या आकड्यानुसार तिथले पंधरा वर्षांवरचे सुमारे 62 टक्के लोक साक्षर आहेत. हा आकडा ऐकला की गरिबी, भूकंप, टोळ्यांचा धुमाकूळ ही कारणं आपल्या ओठांवर येतात. ती खोटी नाहीत. पण सगळा देश क्रेओल बोलतो, फ्रेंच सफाईनं येणारे दहांत एखाददुसरे, आणि शाळा मात्र फ्रेंचमधून चालते, हे दुखणं जुनं आहे आणि माणसांनी पोसलेलं आहे.

गुलामांनी फ्रेंचांविरुद्ध बंड करून 1804 साली हा देश स्वतंत्र केला. पुढच्याच वर्षीच्या घटनेत प्रत्येक लष्करी विभागात एक सार्वजनिक शाळा काढण्याचं कलम होतं. शाळेची हौस तेव्हापासूनची. पैसा मात्र दुसरीकडे गेला. 1825मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सनं युद्धनौका धाडून 15 कोटी फ्रँकची भरपाई मागितली. मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची ही किंमत, आणि त्या मालमत्तेत एकेकाळची गुलाम माणसंही धरलेली! 1838मध्ये रक्कम 9 कोटींवर आली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांचं शेपूट 1947पर्यंत पुरलं. हात बांधलेल्या सरकारनं शाळा इतरांवर सोपवल्या. 1860मध्ये व्हॅटिकनशी करार झाल्यावर फ्रान्सहून पाद्री आले. त्यांच्या नामांकित शाळांत शहरातला वरचा थर शिकला, अर्थात फ्रेंचमधून.

आज ऐंशी टक्क्यांहून अधिक शाळा बिगरसरकारी आहेत. चांगल्या मोजक्याच. गल्लीबोळातल्या बाकीच्यांना लोक 'लेकोल बोलेत' म्हणतात. बोलेत म्हणजे तिथली लॉटरी. मुलाचं नशीब निघालं तर निघालं. या शाळांची फी अनेकदा बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या आईच्या कमाईतून जाते, नाहीतर मायामीत राबणाऱ्या मावशीनं पाठवलेल्या डॉलरांतून. 2011मध्ये सरकारनं परदेशातून येणाऱ्या पैशांवर दर व्यवहारामागे दीड डॉलर आणि आंतरराष्ट्रीय फोनवर मिनिटाला पाच सेंट असा आकार बसवून मोफत शिक्षणाची योजना काढली. मावशीच्याच खिशातून आणखी थोडं. तरीही शिक्षकांचे पगार थकतच राहिले.

'एका मुलाला दत्तक घ्या' अशी आवाहनं मला म्हणूनच अपुरी वाटतात. देणगीदाराला मुलाचा फोटो मिळतो, गणवेश मिळतो, आभाराचं पत्र मिळतं. पण त्या पैशानं आपण बहुधा न कळणाऱ्या शाळेचीच फी भरत असतो.

क्रेओल लिहिता येते, हे मान्य करून घ्यायलाच हैतीची जवळपास चार दशकं गेली. 1940च्या दशकात ऑर्मंड मॅककॉनेल हे मेथॉडिस्ट मिशनरी आणि अमेरिकन साक्षरताप्रसारक फ्रँक लॉबाख यांनी उच्चाराप्रमाणे लिहायची पद्धत बसवली. (हेच लॉबाख भारतातही येऊन गेले, 'एकाने एकाला शिकवावे' ही घोषणा त्यांच्या नावाशी जोडलेली आहे.) 'के' आणि 'डब्ल्यू' ही अक्षरं पाहून तिथले विद्वान खवळले. हा अमेरिकनांचा, प्रोटेस्टंटांचा कावा, असं त्यांचं म्हणणं. क्रेओलची अधिकृत लेखनपद्धत ठरायला 1979 उजाडलं. त्याच सुमारास शिक्षणमंत्री जोझेफ बेर्नार यांनी सुरुवातीच्या इयत्ता क्रेओलमधून शिकवायची सुधारणा आणली. 1987च्या घटनेनं क्रेओलला सर्व हैतीवासीयांना जोडणारी भाषा म्हटलं आणि फ्रेंचच्या जोडीनं राजभाषा केलं.

दुवालिए घराण्याची हुकूमशाही सत्ता 1986मध्ये कोसळल्यावर कॅथलिक चर्चनं प्रौढ साक्षरतेची 'मिस्योन आल्फा' ही मोहीम काढली. तिच्या वाचनपुस्तिकेचं नाव 'गूते सेल', मीठ चाखा. झाँबीच्या, म्हणजे मालकासाठी राबणाऱ्या जिवंत मुडद्याच्या, जिभेला मीठ लागलं की तो शुद्धीवर येतो आणि मालकाविरुद्ध उठतो, अशी तिथली लोकसमजूत. शेतमजुराला हे नाव कुणी समजावून द्यावं लागत नव्हतं. सत्ताधाऱ्यांनाही नव्हतं, आणि मोहीम फार काळ टिकली नाही.

बेर्नार सुधारणेला मोठा विरोध झाला तो गरीब पालकांकडूनच, ही गोष्ट झाकून चालणार नाही. श्रीमंतांच्या शाळा फ्रेंचमध्येच राहणार आणि आमच्या पोरांना तेवढी क्रेओल. म्हणजे आम्ही जिथं आहोत तिथंच राहायचं, असा त्यांचा रोकडा हिशेब. त्यांना अडाणी ठरवणं सोपं आहे. पण कोर्टाचा कागद, बँकेचा अर्ज, नोकरीची मुलाखत फ्रेंचमध्ये असताना दुसरं काय म्हणणार ते? या शंकेला उत्तर वर्गातूनच मिळू शकतं. लागोनाव बेटावर मातेन्वा या गावी 1996मध्ये सुरू झालेल्या शाळेत मुलं क्रेओलमध्ये स्वतःच्या गोष्टी लिहितात, चित्रं काढतात, त्यांची पुस्तकं होतात आणि तीच वर्गात वाचली जातात. छडी तिथं नाही. एमआयटीतले हैतीयन भाषाशास्त्रज्ञ मिशेल देग्राफ यांच्या पाहणीत या मुलांचं वाचन इतर शाळांतल्या मुलांपेक्षा सरस आढळलं. फ्रेंच तिथंही शिकवतात, दुसरी भाषा म्हणून. ज्याला एका भाषेत वाचता येतं त्याला दुसरीत वाचायला शिकवणं जमतं. कुठल्याच भाषेत वाचता न येणाऱ्याला फ्रेंचचा तरी काय उपयोग?

गोळीबार चालू असताना भाषेचा वाद कसला काढता, असं कुणी म्हणेल. राजधानीचा बहुतेक भाग टोळ्यांच्या ताब्यात आहे. युनिसेफच्या नोंदीप्रमाणे 2024मध्ये सशस्त्र टोळ्यांनी 284 शाळा उद्ध्वस्त केल्या. उरलेल्यांपैकी कित्येकांत विस्थापित कुटुंबं राहतात. पण अशा निवाऱ्यांत दहा शाळांची मुलं एकत्र आलेली असतात. कुणाचं पुस्तक घरी जळालं, कुणाचा गणवेश राहिला. तिथं शिकवायला उभा राहणारा तरुण साहजिकच क्रेओलमध्येच बोलतो. त्याला हवा आहे महिन्याच्या महिन्याला पगार, क्रेओल शुद्ध लिहायचं थोडं प्रशिक्षण (कारण त्याच्या शाळेनं ते त्याला क्वचितच शिकवलेलं असतं), आणि मुलांच्या हाती द्यायला क्रेओलमधली पुस्तकं. देणगीदाराचं नाव कोरायला यांत कुठं जागा नाही, आणि पैसा तिकडे कमी वळतो त्याचं एक कारण तेही असावं.