नकार कोणाला, हाताला की दुधाला?

चंपाषष्ठीला खंडोबापुढे बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत ठेवलं की शिरूर-दौंडकडे सणाजेवणांचा जो हंगाम सुरू होतो, तो थेट संक्रांतीपर्यंत चालतो. मधे मार्गशीर्षातले गुरुवार, दत्तजयंती, दौंड आणि केडगावच्या ख्रिस्ती घरांतला नाताळ, शेतावरचा हुरडा, मग भोगी. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात नोकरी करणारी मुलं याच दिवसांत गावी येतात आणि अलीकडे त्यांतलं एखादं सांगतं, मी दूध, दही, तूप, अंडं काहीच घेत नाही. नुसत्या पदार्थांचा हिशेब केला तर अडचण अगदीच लहान आहे. भरीत-रोडग्यात दूध नसतं. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि पावटा, सोलाणे, गाजर, वांगी, शेंगदाणे घातलेली लेकुरवाळी भाजी वरचा लोण्याचा गोळा बाजूला केला की व्हीगनच असते. तिळगुळाचा प्रश्न नाही. खंडोबाचा प्रसाद तर भंडारा आणि खोबरं. तरीही त्या एका गोळ्यावरून घरात जे रुसवे होतात ते त्याच्या आकाराला शोभणारे नसतात. लोणी आणि तूप कढईतून ताटात येत नाही, वाढणारीच्या हातून आणि आग्रहाने येतं. ते नको म्हटलं की तिला वाटतं, नको म्हटलं ते मलाच. तिचं हे वाटणं भाबडं म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या समाजात कोणाच्या घरचं अन्न नाकारण्याला शेकडो वर्षं एकच ठरलेला अर्थ होता. व्हीगन माणसाला आपल्याकडे काय खायचं हा प्रश्न फारसा पडत नाही. आपल्या नकाराचा तो जुना अर्थ नाही, हे त्याला दाखवावं लागतं, आणि ते पंगतीत बसूनच दाखवता येतं.

जुन्या अर्थाचा सर्वांत गाजलेला नमुना पुण्याचाच आहे. ऑक्टोबर 1890 मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये झालेल्या सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा ठेवला गेला. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांची नावं पुढे छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहा कोणी केला, कोणाच्या घरी घेतला, पेला कोणाचा, यावर दोन वर्षं खल झाला. पेल्यात काय होतं हा मुद्दाच नव्हता. हा झाला हाताला दिलेला नकार. तो वस्तूबद्दल पूर्ण उदासीन असतो. अहिंसेचा नकार याच्या नेमका उलट असायला हवा. त्याने वस्तूची कसून चौकशी करावी आणि हाताची अजिबात करू नये.

अडचण अशी की बाहेरून दोन्ही नकार सारखेच दिसतात. हे ज्यांच्या वाट्याला आलं त्या पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दौंड तालुक्यातच, केडगावला आहे. 1883 साली रमाबाई इंग्लंडला वाँटेजच्या जोगिणींच्या मठात गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्म बदलला, पण शाकाहार सोडला नाही. मांस-मासे तर नाहीतच, अंडंही त्यांनी घेतलं नाही. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना हा जुन्या जातिगर्वाचा अवशेष वाटला. ख्रिस्ती झालेल्या बाईने एकाच मेजावर सगळ्यांबरोबर सगळं खावं, न खाणं म्हणजे मनातून अजून ब्राह्मण राहणं, असा त्यांचा हिशेब. रमाबाईंना तो मान्य झाला नाही. धर्म स्वीकारला म्हणजे आपल्या विवेकाची आणि वाडवडिलांच्या निरुपद्रवी रीतींची किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली असं होत नाही, ही त्यांची भूमिका त्या पत्रव्यवहारात ठाम दिसते. मला यात दोन्ही बाजूंचं थोडं खरं वाटतं. जेराल्डिनबाईंचा संशय निराधार नव्हता. ब्राह्मण घरातून आलेल्या माणसाच्या शाकाहारात दया किती आणि सोवळं किती, हे त्याचं त्यालाही नेहमी कळत नाही. पण न खाणं ख्रिस्तीपणाशी विसंगत आहे, हे मात्र त्यांच्याच धर्माच्या इतिहासात टिकत नाही. इथियोपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती 7 जानेवारीच्या आपल्या नाताळाआधी चाळीसेक दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. रमाबाई व्हीगन नव्हत्या, तो शब्दच 1944 सालचा. त्यांच्याबद्दलचा निर्णय वाँटेजच्या मेजावर झाला नाही, तो नंतर झाला, असं मी म्हणेन. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या, आणि केडगावला त्या वाढल्या. भुकेने वाळलेल्या मुलींना जवळ घेणाऱ्या बाईच्या न खाण्यात विटाळाची भीती शोधायला नंतर फारशी जागा उरत नाही.

खरं तर व्हीगन पाहुण्याला इतकं लांबही जायला नको, आदर्श त्याच्या आजोळी असतो. शिरूर-दौंडमधल्या मटण खाणाऱ्या घरांतही एखादा माळकरी असतोच. गळ्यात तुळशीची माळ आली की मटण आणि दारू सुटली. यात्रेला घरात रस्सा शिजतो तेव्हा तो पिठलं-भाकरी खातो आणि त्याचं कोणाला वावगं वाटत नाही. एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी सुटतो, माळ मात्र बहुधा मरेपर्यंत गळ्यात असते. म्हणजे व्रत तात्पुरतं असतं म्हणून खपतं, कायमचं खपत नाही, हा आक्षेप निकालात निघतो. माळेत न बोललेला आरोपही आहे, कारण जीव मारणं चूक आहे असं मानल्याशिवाय माळ घातलीच जात नाही. तरी गावाने ती पचवली, याचं कारण माळकरी जातीने ठरत नाही. तो मराठा असतो, माळी, धनगर, रामोशी, कोणीही असतो. तो त्याच घरात, त्याच माणसांच्या हातचं खातो. वारकरी संप्रदायाला सोवळ्याचा वाराही लागला नाही, असं मात्र नाही. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात याची खंत इरावती कर्व्यांनी वारीवरच्या लेखात नोंदवून ठेवली आहे. पण आषाढात तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते तेव्हा गाव लाखांना जे पिठलं-भाकरीचं जेवण घालतं, त्यात दुधाचा थेंब नसतो आणि जातीचा प्रश्नही कोणी काढत नाही. सगळ्यांना बसता येईल असं जेवण इकडच्या मातीत आधीपासून आहे.

आता खरा आक्षेप. माळकरी दूध पितो, मग दुधावर कसली माळ? वासराचं पोट भरून उरलेलं दूध आपण घेतो, त्यात हिंसा कुठे? जुन्या शेतीत हे बरंचसं पटण्यासारखं होतं. गाईला कालवड झाली तर ती पुढची गाय, गोऱ्हा झाला तर तो पुढचा बैल. दोघांनाही दावणीला जागा होती. ट्रॅक्टरने ती जागा काढून घेतली. आज उसाच्या पट्ट्यात दारोदार संकरित होल्स्टिन किंवा जर्सी गाय आहे, आणि तिचा गोऱ्हा नांगराला फारसा उपयोगी नाही. त्याला रोज काही लिटर दूध पाजणं शेतकऱ्याला परवडत नाही. मादीच वासरू व्हावं म्हणून लिंगनिर्धारित वीर्यमात्रांवर सरकार अनुदान देतं, यावरून नराची किंमत कळावी. मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि वळू कापायलाही बंदी आहे. म्हणून गोऱ्हा आणि भाकड गाय कायद्याने मारली जात नाही, ती सोडली जाते, उपाशी राहते किंवा रात्री कुठेतरी जाते. म्हशीच्या नराला कायद्याचं तेवढंही संरक्षण नाही, रेडकाची वाट खाटकाकडेच जाते. एका गोठ्यातून दुधाचा टँकर आणि मांसाची गाडी दोन्ही निघत असतील, तर पहिल्याला सात्त्विक म्हणणं ही सोय आहे. दोष शेतकऱ्याचा नाही. उसाचं बिल वर्षाने येतं, दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी हाती पडतात, आणि त्यावर घरातलं मीठ-मिरची आणि शाळेची फी चालते. तूप नाकारणाऱ्याने हे बोलताना समोर बसलेल्या चुलत्याच्या दोन गाई आठवाव्यात. आरोप व्यवस्थेवर असेल तर त्याचा सूर चुलत्यावर जाता कामा नये.

यावर हुशार चुलता विचारील, मग गुळाची पोळी कशी खातोस? दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पेटतात, कारखान्यांचा गळीत हंगाम चालतो तो याच थंडीत. बीड-नगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबं खोप्यांत राहतात आणि मानेला घट्टे पडलेले बैल मोळ्यांनी लादलेल्या गाड्या ओढतात. इकडची साखर हाडांच्या कोळशाने गाळत नाहीत, चुना आणि गंधकाने करतात, तेव्हा नियमाच्या अक्षराने ती निर्दोष. पण गुळात बैलाचं ओझं आहे आणि ऊसतोड बाईचं त्याहून जास्त. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्यापुढे शुद्धतेचा दावा करणाऱ्याला उत्तर नाही. दयेच्या वाटेने गेलेल्याला आहे. सोवळ्याला शून्य लागतं, एक थेंब पडला की सगळं बाटलं. दयेला कमी केलेलंही चालतं. जैनांनी साधूला महाव्रत आणि गृहस्थाला अणुव्रत दिलं ते याच जाणिवेने, आणि व्हीगन सोसायटीच्या व्याख्येतही शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं, अशी कबुली आहे. गांधींनी 1912 मध्ये दूध सोडलं, 1919 च्या आरंभी आजारात कस्तुरबांच्या सांगण्यावरून शेळीचं घेतलं आणि शपथेचे शब्द राखले, आशय सोडला, ही टोचणी जन्मभर बाळगली. दुधावाचून शरीर तगेना हे कबूल करून त्यांनी ते घेतलंच. मला त्यांचा हा कमीपणा त्यांच्या व्रतापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

आणखी एक आक्षेप राजकीय आहे आणि तो टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. आपल्याकडे वनस्पतींचं ताट सत्तेच्या बाजूने वापरलं गेलं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्याने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणलं. विरोध झाला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याचा सरकारी निधी काढून घेतला गेला. व्हीगन विचाराला त्या विरोधकांच्या ओळीत उभं राहायचं आहे का? माझ्या मते नाही. स्वतःच्या ताटातलं सोडणं हे व्रत, दुसऱ्याच्या लेकराच्या ताटातलं काढणं ही जबरदस्ती. ते लेकरू दुसरं प्रथिन विकत घेऊ शकत नसेल तर त्यात दयाही उरत नाही.

वस्तू पाहावी, हात पाहू नये, हाच न्याय हॉटेलात लावला तर एक गमतीशीर निष्कर्ष निघतो. पुणे-सोलापूर किंवा पुणे-नगर रस्त्यावर शुद्ध शाकाहारीची पाटी पाहून थांबणारा व्हीगन चुकीच्या दारात थांबतो. आत पनीर, बटर, क्रीम. पदार्थावरच्या हिरव्या ठिपक्यात दूध चालतंच, म्हणून तर 2022 मध्ये व्हीगन खाद्यपदार्थांसाठी वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह करावं लागलं. शेजारच्या मटण-खानावळीत ठेचा, शेंगदाण्याची आमटी आणि कोरडी भाकरी मिळत असेल तर त्याने तिथे बसावं. तवा वेगळा हवा, पळी वेगळी हवी, हे म्हणणं सोवळ्याचं. तव्यावर आधी काय भाजलं होतं याने कुठला जीव वाचत नाही. मग मटण खाणाऱ्यांच्या पंगतीत बसणं हे अनुमोदन नाही का? मनुस्मृतीत मारणाऱ्याबरोबर परवानगी देणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा, सगळेच घातक मोजले आहेत. शेजारी बसणारा त्या यादीत नाही. बुद्धाने भिक्षूंना घातलेली अट तर आणखी व्यावहारिक होती: आपल्यासाठी जीव मारलेला पाहिला, ऐकला किंवा तसा संशय आला तर घेऊ नये. पाहुण्याने तीही पाळावी आणि येण्याआधी फोन करून सांगावं की माझ्यासाठी वेगळं काही करू नका. प्रसादाचा पेढा उपासाचा माणूस जसा कपाळाला लावून शेजारच्याला देतो, तसा द्यावा.

पण मनुस्मृतीच्या त्या यादीत शिजवणारा आहे, आणि तिथे माझा युक्तिवाद अडतो. घरातल्या पुरुषाने व्रत घेतलं तर त्याला फक्त खायचं नसतं. व्हीगन झालेल्या सुनेला मात्र कुलदैवताच्या नैवेद्याची पुरणपोळी तुपात न्हाऊ घालावीच लागते, आणि तिने नाही म्हटलं तर ती नुसती पाहुणी म्हणून नाही म्हणत नसते. तिचं न खाणं माळकऱ्यासारखं खपून जाईल, तिचं न रांधणं खपणार नाही. माळ घालणाऱ्या पुरुषांसाठी वेगळं पिठलं शतकानुशतकं कोण हाटत आलं, हेही इथे लक्षात येतं. त्यांच्या व्रताचा अर्धा भार दुसऱ्याच कोणीतरी वाहिला. तेव्हा आज ज्या मुलाला लोणी नको, त्याने भोगीच्या सकाळी आपली भाजी आपण फोडणीला टाकावी, आणि तीच घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढी करावी. ज्या सुनेला तूप नको, तिच्यासाठी नैवेद्याचं पुरण शिजवायला त्या दिवशी नवऱ्याने चुलीपुढे बसावं. देवाला कोणाचा हात चालतो, हा वाद मग घरच्यांना करू द्यावा.