फासे कोणी उचलले?

चूक कबूल करायची असेल तर मराठी व्याकरण फार सोयीचं आहे. ‘मला मोह झाला.’ ‘राहवलं नाही.’ ‘माझ्या हातून घडलं.’ तिन्ही वाक्यांत कर्ता ‘मी’ नाही. मोह कुठून तरी आला, हातून काहीतरी घडलं आणि मी बिचारा शेजारी उभा होतो! हल्ली ‘अल्गोरिदमच तसा आहे’ हेही त्यात जमा झालंय.

अशा वेळी मला युधिष्ठिर आठवतो. द्यूताची गोष्ट आपल्याला पाठ असते ती कपटी शकुनीची आणि भोळ्या धर्मराजाची गोष्ट म्हणून. पण सभापर्वातला धर्मराज मुळीच भोळा नाही. विदुर आमंत्रण घेऊन येतो तेव्हा तोच म्हणतो, की द्यूतातून भांडणं निघतात. पण आव्हान आलं तर मागे फिरायचं नाही हे माझं व्रत आहे. धोका माहीत होता आणि सबबही तयार होती. मग धन, रथ, हत्ती, चारही भाऊ, स्वतः आणि शेवटी द्रौपदी. तिच्यामुळे सगळं परत मिळालं, तरी दुसऱ्यांदा बोलावणं येताच तो पुन्हा गेला. या खेपेला कारण होतं विधात्याची इच्छा आणि थोरल्या काकांची आज्ञा.

वनवासात द्वैतवनात या सबबींचा हिशेब होतो. द्रौपदी विचारते, इतक्या सरळ, सत्यवचनी माणसाला जुगाराची बुद्धी झालीच कशी? रागाच्या भरात ती देवालाच धारेवर धरते: माणसं म्हणजे लाकडी बाहुल्या, खेळवणारा तो. खरं तर यात युधिष्ठिरासाठी आयती सुटका होती, तीही जिला त्याने पणाला लावलं तिच्याच तोंडून! तो ती घेत नाही.

मग भीम तडकतो. त्याला उत्तर देताना युधिष्ठिर जे बोलतो, ते आपल्या आठवणीतल्या महाभारतात सहसा नसतं. तो म्हणतो, मी फासे हातात घेतले ते दुर्योधनाचं राज्य हिरावून घ्यायला. संस्कृतात हे वाक्य ‘अहं’नेच सुरू होतं. व्रताचं नावही नाही, साधा लोभ. पुढे तो सांगतो, की फासे शकुनीच्या मनासारखे पडताहेत हे दिसत होतं, तेव्हा स्वतःला आवरता आलं असतं, पण रागाने धीर गेला.

‘आवरता आलं असतं’ हे म्हणणं किती जड आहे! ते म्हटलं की सुटकेचे बाकी सगळे दरवाजे बंद होतात. (लगेच पुढे तो ‘तसं व्हायचंच होतं’ असंही पुटपुटतो. मला ही घसरण आवडते. खऱ्या कबुलीजबाबात ती असतेच.)

याच बोलण्यात तो शकुनीला कपटीही म्हणतो, हे महत्त्वाचं. आपल्याला जबाबदारी भाकरीसारखी वाटते, एकाने मोठा तुकडा घेतला की दुसऱ्याला लहान उरतो. केंद्राने २०२५ साली पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा शिक्षा ठेवली ती खेळ चालवणाऱ्यांना आणि जाहिरात करणाऱ्यांना; खेळणाऱ्याला नाही. कायदा म्हणून मला ते योग्यच वाटतं. फासे घोटून ठेवणारा शकुनी मोकळा सुटू नये. पण रात्री दोन वाजता ‘अजून एकच डाव’ म्हणणाऱ्याने स्वतःला काय सांगायचं, हे त्या कायद्यात कुठे लिहिलेलं असणार? शकुनीचा गुन्हा कितीही मोठा ठरला, तरी राज्य हवं होतं युधिष्ठिराला.

भीमाचं मात्र या कबुलीने समाधान होत नाही. तो एक युक्ती सुचवतो: वनात तेरा महिने झालेत, त्यांनाच तेरा वर्षं धरू. पाप लागलंच, तर एका चांगल्या बैलाला पोटभर खाऊ घालू, की फिटलं. बायको संतापलेली आहे, समोर पळवाट आहे आणि प्रायश्चित्तही स्वस्त आहे. युधिष्ठिर लांब श्वास घेतो, थोडा वेळ विचार करतो. मग तेरा महिने तेरा महिनेच धरतो.