पिंजऱ्यातला आयन

निवांत बसा. श्वास संथ होऊ द्या. आता मनासमोर एक काळसर, तकतकीत थर आणा. इतका पातळ, की असे शंभरेक थर एकावर एक रचावेत तेव्हा कुठे माणसाच्या केसाएवढी जाडी भरेल. हा पेरोव्स्काईटचा थर. त्यावर ऊन पडलं की वीज तयार होते.

सावकाश आत उतरा. शिशाचा एक आयन, त्याच्याभोवती सहा आयोडाईड. असे असंख्य गट टोकाला टोक जोडून उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये पोकळी आहे. त्या पोकळीत आणखी एक आयन बसला आहे. नजर त्याच्यावर ठेवा. थर किती वर्षं जगेल, हे बरंचसं त्याच्यावर अवलंबून आहे.

2009 साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने पेरोव्स्काईटचा सौरघट केला, तेव्हा पोकळीत मेथिलअमोनियम होता. कार्यक्षमता 3.8 टक्के. हा आयन तिथे छान मावतो, पण उष्णता त्याला सोसत नाही. 85 अंश सेल्सिअसला, ओलाव्याचा स्पर्श नसतानाही, तो विघटन पावून वायुरूपात निघून जातो. मागे उरतं पिवळं लेड आयोडाईड. काळा रंग गेला की थराचं कामही संपलं.

या पिवळ्या रंगापाशी थोडं थांबा.

मेथिलअमोनियमच्या जागी फॉर्मअमिडिनियम आणला तर तो उष्णता जास्त सोसतो, पण आकाराने जरा मोठा पडतो. खोलीच्या तापमानाला काळी रचना हळूहळू मोडते आणि दुसरीच, पिवळी रचना तयार होते. सीझियम तर उडून जाणारा नाहीच. पण तो लहान पडतो, आणि त्याचाही थर थंडावला की पिवळाच होतो. आता दोघांना एकाच स्फटिकात मिसळा. सरासरी आकार पोकळीला जमतो आणि काळी रचना टिकते. आयनांच्या आकारांचं हे गणित व्हिक्टर गोल्डश्मिट यांनी 1926 मध्येच मांडलं होतं. या साऱ्या विषयात मला याहून सुंदर काही वाटत नाही.

आता आयोडाईडकडे वळा. काही आयोडाईड काढून तिथे ब्रोमाईड घातले, की थर शोषतो तो प्रकाश बदलतो. पण ब्रोमाईडचं प्रमाण फार वाढलं, तर उजेडात दोघे वेगळे होऊ लागतात, आयोडाईडची बेटं बनतात. अंधार झाला की पुन्हा मिसळतात. घट्ट दिसणाऱ्या स्फटिकात आयन चालत असतात, हे मनात नीट मुरू द्या. हा स्फटिक मऊ आहे. म्हणून तो कमी तापमानात सहज घडतो, आणि म्हणूनच सहज बिघडतो.

शिशाऐवजी कथील वापरून पाहतात. पण त्याचं हवेत सहज ऑक्सिडीकरण होतं.

टिकाऊपणाचं माप हवं, तर सिलिकॉनच्या सौर पॅनेलला आज 25 वर्षांची हमी मिळते. पेरोव्स्काईटच्या कार्यक्षमतेचा नवा विक्रम वाचाल, तेव्हा त्या थरात कोणते आयन होते आणि तो किती तापमानाला किती तास टिकला, हेही शोधून वाचा.