अरण्यस्नान आणि गोष्टीचे देणे

स्नानाला गोष्ट जोडण्याची चाल आपल्याला नवी नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लागते, पायाखाली कारीट फुटते आणि घरातले कोणी वडीलधारे नरकासुराची कथा सांगते. ती कथा वजा केली तर बाकी काय राहते? तेल, ऊन पाणी आणि थंडीतली हुडहुडी. अंगाचा मळ तेवढ्यानेही निघतो. पण त्याला दिवाळी कोणी म्हणणार नाही.

हल्ली जगात एक निराळेच स्नान रूढ झाले आहे. त्याला पाणी लागत नाही. जपानच्या वनखात्याचे प्रमुख तोमोहिदे अकियामा यांनी १९८२ साली त्याला ‘शिनरिन-योकू’, म्हणजे अरण्यस्नान, असे नाव दिले. रानात जायचे, सावकाश चालायचे, झाडांचा वास, पानांची सळसळ, ओल्या मातीचा गारवा अंगावर घ्यायचा. शिखर गाठायचे नाही की मैल मोजायचे नाहीत. त्याने रक्तदाब उतरतो, मनावरचा ताण ओसरतो, असे जपानी संशोधकांनी मोजमापे घेऊन सांगितले. पुढे ही चाल पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर पोचली, आणि तिथे तिला गोष्टीची जोड मिळाली. वाटाड्या पाहुण्यांची लहानशी टोळी घेऊन रानात जातो, त्यांना घटकाभर गप्प बसवतो. आणि मग ज्या झाडाखाली ती मंडळी बसली आहेत त्या झाडाची, त्या डोंगराची, त्या पावसाची हवाईयन कथा त्यांना ऐकवतो. हे सारे दरडोई डॉलर मोजून.

यावर नाक मुरडणे सोपे आहे. कोणी म्हणेल, रान विकले ते विकले, आता पूर्वजांच्या गोष्टीही बाजारात मांडल्या! पैशाचा हा आक्षेप मला फारसा पटत नाही. कीर्तनकाराला बिदागी मिळते, पुराणिकापुढच्या ताटात नाणी पडतात आणि शाळामास्तरालाही पगार लागतो. तेवढ्याने कथा बाटत नाही की विद्या. खरा प्रश्न निराळा आहे. गोष्ट ऐकून झाल्यावर ऐकणाऱ्याकडे काही देणे उरते, की तिकिटाबरोबरच सारा हिशेब मिटतो?

नुसते आरोग्यासाठी रानात जाणाऱ्याचा हिशेब मिटतो. त्याच्या लेखी रान हे औषध. आणि औषधाच्या बाटलीशी कोणी नाते जोडत नाही. गुण आला की बाटली फडताळात जाते. यात वाईट काही नाही. पण त्याला झाडाचे नाव विचारण्याची गरज पडत नाही. गोष्ट आली की झाडाला नाव येते, आणि ज्याला नाव आहे त्याच्याशी वाटेल तसे वागणे अवघड होते.

हवाईच्या रानातले मोठ्या मानाचे झाड ओहिआ. थिजलेल्या नव्या लाव्हावर जी झाडे आधी मूळ धरतात त्यांतले हे एक. त्याच्या तांबड्या, झुबकेदार फुलाला लेहुआ म्हणतात. कथा अशी, की ज्वालामुखीची देवता पेले हिचे मन ओहिआ नावाच्या तरुणावर बसले. पण त्याचे मन होते लेहुआवर. नकार ऐकून पेलेने संतापाच्या भरात त्याचे झाड करून टाकले. लेहुआचा आक्रोश पाहून इतर देवांना दया आली, आणि त्यांनी तिला त्याच झाडाचे फूल केले. म्हणून लेहुआ खुडू नये. खुडले तर पाऊस येतो. ताटातूट झालेल्या त्या दोघांची ती आसवे!

आता दुसरी हकीकत, पुराणातली नव्हे. हवाई बेटावर ओहिआची झाडे पटापट वाळू लागली होती; त्यांना मारणारी बुरशी २०१४ साली ओळखू आली. सालीवरच्या जखमेतून ती खोडात शिरते, आतला पाण्याचा मार्ग तोडते, आणि हिरवेगार झाड बघता बघता करपून जाते. अशी लाखो झाडे गेली. ही बुरशी बुटांना चिकटलेल्या मातीतूनही प्रवास करते. म्हणून कित्येक रानवाटांच्या तोंडाशी ब्रश ठेवलेले असतात. बुटांची माती खरवडायची, तळव्यांवर स्पिरिट मारायचे, मगच आत पाऊल टाकायचे. जुन्या कथेला बुरशी ठाऊक होती असे मी म्हणत नाही. पण झाडाच्या अंगाला हात लावताना दहादा विचार करावा, ही सवय तिने लावून ठेवली होती. लेहुआच्या दुःखाने ज्याचे डोळे पाणावले, पण बूट घासायचा ज्याला कंटाळा आला, त्याने ती गोष्ट ऐकली असे कसे म्हणावे?

हवाईयन भाषेत ‘कुलेआना’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ हक्क असाही होतो आणि जबाबदारी असाही. आपल्या ‘अधिकार’ या शब्दातही हक्काच्या जोडीला पात्रता होती. रोजच्या बोलण्यात आपण हक्क ठेवला आणि पात्रता सोडून दिली. रानात शिरण्यापूर्वी ‘ओली’, म्हणजे मंत्रासारखे पठण, म्हणून परवानगी मागण्याची तिथे रीत आहे. परवानगी मागणे म्हणजे नकार येऊ शकतो हे मान्य करणे. खिशात तिकीट असलेल्या माणसाला नेमके हेच जड जाते.

आणि सांगणाऱ्याचे काय? १८९३ साली गोऱ्या व्यापाऱ्या-बागाईतदारांनी अमेरिकन सैनिकांच्या धाकावर राणी लिलिउओकलानी हिचे राज्य उलथून टाकले. १८९८ साली ती बेटे अमेरिकेने आपल्याला जोडून घेतली. मधेच, १८९६ साली, शाळांतून इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. आपली भाषा बोलली म्हणून मुलांनी शाळेत शिक्षा सोसल्या. मी स्वतः मास्तर आहे. ज्या हातात खडू असतो त्याच हातून हे घडले, ही गोष्ट मला सहज गिळता येत नाही. पुढे १९७८ साली ती भाषा राज्याची अधिकृत भाषा झाली, आणि १९८४ साली ‘पूनाना लेओ’, म्हणजे आवाजांचे घरटे, या नावाची बालवाडी सुरू झाली. हवाईयन भाषेत कथेला आणि इतिहासाला शब्द एकच आहे: ‘मोओलेलो’. तेव्हा पेलेची गोष्ट तेवढी हवी आणि राणीची नको, अशी निवड पाहुण्याला करता येणार नाही. उलट, अमुक गोष्ट घरच्यांसाठीच आहे, ती तुम्हांला सांगणार नाही, असे म्हणण्याची मुभा मात्र सांगणाऱ्याला असली पाहिजे. जिथे ती नाही, तिथे गोष्टीची करमणूक झाली असे खुशाल समजावे.

आज आपल्यापैकी पुष्कळांची लेकरे-नातवंडे अमेरिकेत आहेत. सुट्टीत ती हवाईला जातात आणि फोटो पाठवतात. ‘मजा आली का?’ हे आपण विचारतोच. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारावेत: ज्या झाडाखाली बसलात त्याचे नाव काय होते? आणि आत जाताना बूट घासले होते ना?