कलम आणि बेडी

उदगीरहून बीदरकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलं की कमालनगर स्टेशनच्या पाटीवर कानडी दिसते. 1956 पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यातच होता. आता मध्ये राज्याची सीमा आहे, तरी इथून पळालेल्या चोराला आपला पोलीस तिथं जाऊन धरू शकतो. कलम जिथवर लागू, तिथवर बेडीही पोचते.

संगणकाच्या गुन्ह्यात ही जोडी फुटते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 75 म्हणतं, गुन्हेगार कोणत्याही देशाचा असो, कुठंही बसलेला असो, भारतातल्या संगणकाशी गुन्ह्याचा संबंध आला की हा कायदा त्याला लागू. कलमाचा पल्ला असा जगभर. बेडीचा?

11 ऑगस्ट 2018 ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. एटीएमची मागणी आली की खातं तपासून होकार-नकार देणारी बँकेची यंत्रणा चोरांनी बाजूला सारली आणि स्वतःची खोटी यंत्रणा मध्ये बसवली. ती प्रत्येक मागणीला होकार देत गेली. काही तासांत 28 देशांतून सुमारे 78 कोटी रुपये निघाले, काही कोल्हापुरातूनही. दोन दिवसांनी आणखी जवळपास 14 कोटी हाँगकाँगला वळवले गेले.

2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयानं 11 जणांना दोषी ठरवलं. हे पैसे काढणाऱ्यांच्या साखळीतले इथले लोक. आमच्याकडच्या शब्दांत, गडी सापडले, मालक नाही. नोटा घ्यायला कुणाला तरी देहानं एटीएमसमोर उभं राहावं लागतं, आणि कायदा धरतो तो देहच. हॅकर भाड्यानं लावणारा एका देशात, हॅकर दुसऱ्या आणि लुटला जाणारा तिसऱ्या देशात असला, की एका न्यायालयाचं विनंतीपत्र दुसरीकडे पोचेपर्यंत नोंदी पुसल्या जातात.

मग कोणत्याही पोलिसाला कुठंही शिरू द्यावं का? मराठवाड्यातल्या माणसाला हे पटणार नाही. 1947-48 मध्ये निजामाविरुद्ध लढणारे आमचे कार्यकर्ते त्याची हद्द ओलांडून सोलापूरच्या बाजूला गेले, तिथं त्यांचे कँप उभे राहिले, कारण निजामाच्या पोलिसाचा हात त्या रेषेशी थांबत होता. चोराला वाचवणारी रेषाच त्यांनाही वाचवत होती.

म्हणून मला रेषा हवी आहे, फक्त तिच्यावरून पुरावा लवकर जायला हवा. सायबर गुन्ह्यांविषयीच्या 2001 च्या बुडापेस्ट करारात त्यासाठी प्रत्येक देशानं अहोरात्र जागं ठाणं ठेवायची अट आहे. आपल्याला न विचारता तो लिहिला गेला, हा भारताचा आक्षेप रास्त आहे. पण आपण त्यात नाही, आणि कॉसमॉसची यंत्रणा फोडणारे अजून मोकळे आहेत.