हद्दपारी आणि वैराग्य

मनुष्याला त्याच्या गावातून घालवून देणे ही जर शिक्षा असेल, तर आपण होऊन गाव सोडणे हे आपल्या परंपरेने पुण्यकर्म का मानावे, हा प्रश्न प्रथमदर्शनी पंडितांच्या वादसभेतला वाटला तरी आज पुण्यासारख्या शहरात तो शेकडो घरांच्या उंबऱ्यांशी येऊन उभा आहे. चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांस जो आचार घालून दिला त्यात स्वदेशाचा, स्वग्रामाचा आणि विशेषतः आप्तसंबंधीयांचा पाश तोडावा व देशाच्या शेवटाला एखाद्या झाडातळी जन्म कंठावा, असा उपदेश आहे. चातुर्मास वगळता एके ठिकाणी रेंगाळू नये, हा परिव्राजकाचा नियम तर त्याहून कितीतरी जुना. आता याच्या शेजारी पोलीस उपायुक्तांच्या सहीशिक्क्याचा एक हुकूम ठेवून पाहावा: अमुक इसमाने पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे जिल्हा यांच्या हद्दीबाहेर निघून जावे व दोन वर्षेपर्यंत पूर्वपरवानगीवाचून परत येऊ नये. दोन्हीकडे गाव सुटते, घर सुटते, माणसे सुटतात. एक मोक्षाचा मार्ग ठरतो आणि दुसरी शिक्षा.

भेद इच्छेचा आहे, एकाने सोडले व दुसऱ्याकडून सोडवले गेले, हे उत्तर कोणीही देईल, आणि ते खोटे नाही. परंतु त्या उत्तरातूनच एक सांत्वन निघते, आणि माझा आक्षेप आहे तो त्या सांत्वनावर. हद्दपार झालेल्यास सुज्ञ लोक सांगतात की, बाबा रे, जे लादले गेले ते मनाने स्वीकार, म्हणजे तेच तुझे तप होईल. स्थितप्रज्ञाला पुणे काय आणि परमुलूख काय, सारखेच. हा उपदेश करणारा बहुधा आपल्या घरच्या ओसरीवर बसलेला असतो.

ज्या कायद्याने हे हुकूम निघतात तो मुंबई पोलीस अधिनियम १९५१ चा. आता तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने चालतो. त्याची ५५, ५६ आणि ५७ ही कलमे तडीपारीची आहेत, मुदतीची कमाल मर्यादा दोन वर्षांची आहे, इसमाला आपली बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते आणि हुकुमाविरुद्ध शासनाकडे अपील करता येते. गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की अशा हुकुमांची संख्या वाढते, हे वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येक पुणेकरास ठाऊक आहे. या कायद्यामागे कारण नाही असे मी म्हणणार नाही. वस्तीतला गुंड ज्या दुकानदाराकडून दरमहा हप्ता घेतो, त्या दुकानदाराची न्यायालयात उभे राहून साक्ष देण्याची छाती होत नाही. ज्या बाईला तो रोज रस्त्यात अडवतो तिलाही होत नाही. आणि साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत, ही परिस्थिती कलम ५६ ने स्पष्ट शब्दांत गृहीत धरली आहे. त्या दुकानदाराची व त्या बाईची दोन वर्षांची निर्धास्त झोप ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. तथापि २०२२ साली जालना जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, त्याने मनुष्य आपल्या कुटुंबाला पारखा होतो, त्याची उपजीविकाही जाऊ शकते, म्हणून तो क्वचितच योजावा.

पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की सुमारे पन्नास किलोमीटरवर नीरा नदी लागते. अलीकडे भोर तालुक्यातले सारोळे, पलीकडे खंडाळा तालुक्यातले शिरवळ. मधला पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपला. ज्याची हकीकत मी जवळून ऐकली आहे तो आमच्या पेठेतला तरुण याच पुलापलीकडे येऊन थांबला, कारण इथून पुढे गेले की घर आणखी दूर पडते, एवढेच. औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराने चारित्र्यपडताळणीचा दाखला मागितला, खोलीच्या मालकाने भाडेकरारासाठी ओळख देणारा माणूस मागितला, आणि या दोन्ही गोष्टी ज्याच्यापाशी नाहीत त्याला महामार्गाकडेच्या पंक्चरच्या टपरीवर काम मिळाले. एमएच १२ क्रमांकाच्या गाड्या थांबतात. तो चाक उतरवतो, ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे कुठे येतात ते पाहतो, ठिगळ लावून चाक परत चढवतो, आणि गाडी तासाभरात त्याच्या पेठेत पोहोचते. रविवारी आई स्वारगेटहून एसटीने डबा घेऊन येते. लेकाचे जेवण होईपर्यंत टपरीच्या बाकावर बसते आणि रिकामा डबा घेऊन उजेडी परतते, कारण उशीर झाला तर घरी धाकट्या मुलीला एकटे राहावे लागते. अशा मनुष्याला वैराग्याचा उपदेश करावयाचा तो कोणत्या तोंडाने?

वैराग्य ही केवळ अंतःकरणातली घटना आहे अशी आपली समजूत असते, आणि तेथेच आपली मोठी चूक होते असे मला वाटते. याची साक्ष पुण्यापासून फार दूर नाही, आळंदीस आहे. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत यांचे परंपरेने सांगितलेले चरित्र असे की, त्यांनी प्रथम काशीस जाऊन संन्यास घेतला आणि पुढे गुरूच्याच आज्ञेने ते गृहस्थाश्रमात परत आले. तेव्हा ब्रह्मवृंदाने त्यांस वाळीत टाकले आणि इंद्रायणीकाठी सिद्धबेटावर झोपडी बांधून त्यांना आयुष्य काढावे लागले. एकाच पुरुषाने दोनदा गाव सोडले. पहिल्या वेळी अंगावर एक वस्त्र, हातात भिक्षापात्र, नदीचा काठ. दुसऱ्या वेळीही अन्न मागून आणलेले, छप्पर पानांचे आणि नदीचा काठच. बाह्य उपकरणांत रेसभराचा फरक नाही. असे असता पहिल्याने त्यांना गुरू मिळाला आणि दुसऱ्याने त्यांचा बळी घेतला. देहान्त प्रायश्चित्ताशिवाय मुलांना समाजात थारा नाही असा निर्णय झाला व त्या दांपत्याने तो शिरसावंद्य मानला. मन तर तेच होते, आणि विरक्तीचा अभ्यासही झालेला होता. फरक पडला तो दारांत. संन्याशाने हाक घातली की गृहिणी भिक्षा घेऊन बाहेर येते, कारण त्याला देणे हा तिचा धर्म आहे. बहिष्कृताने हाक घातली की तेच दार बंद होते, कारण न देणे हा धर्म ठरलेला आहे. संन्याशाच्या निःसंगतेला अनेक घरांच्या चुलींचा आधार असतो. ज्याला समाजाने वाट करून दिली आहे त्यालाच समाज सोडता येतो. पुढे त्या निराधार भावंडांचे काय झाले हे महाराष्ट्राला सांगावयास नको. परंतु पैठणच्या शुद्धिपत्राच्या खटाटोपानंतर प्रवरेकाठी नेवाशाने त्यांना ठाव दिला, आणि शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी तेथे सिद्ध झाली, हे विसरता कामा नये. हद्दपारांना ठाव देणाऱ्या गावाचे ते पुण्य आहे.

यावर कोणी लोकमान्यांचे उदाहरण पुढे करील, आणि ते करावेच. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्य पेन्सिलीने लिहून काढले. १९१२ साली पत्नी पुण्यात वारली तेव्हा ते तेथेच होते. लादलेल्या एकांताचे याहून मोठे सोने कोणी केले? तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक तर त्यांना ग्रंथ मागवता आले, स्वयंपाकी मिळाला, घरी पत्रे लिहिता आली, आणि सारे पुणे त्यांची वाट पाहत होते. १९१४ च्या जूनमध्ये ते परतले ते मान वर करून. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. सक्तीने ज्याला कर्मक्षेत्रापासून तोडले त्या पुरुषाने त्या एकांतात संन्यासाची थोरवी गायली नाही. गीतेचे तात्पर्य कर्मत्यागात नसून कर्मयोगात आहे, हेच त्याने शेकडो पृष्ठांत सिद्ध केले. हद्दपारीला वैराग्य म्हणून गोड मानून घेण्याचे त्यांनी नाकारले.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेने परत पाठविलेली माणसे मेक्सिकोच्या तिहुआना या सरहद्दीवरच्या शहरात उतरतात. त्यांतली कित्येक तान्ह्या वयात पलीकडे नेलेली असतात, त्यांची स्पॅनिश अडखळती असते, आणि इंग्रजी अस्खलित असल्यामुळे त्यांना काम मिळते ते कॉल सेंटरात, ज्या देशाने घालवून दिले त्याच देशातल्या गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलण्याचे. ज्यांना तेही मिळाले नाही असे कित्येक जण तेथल्या नदीच्या काँक्रीटच्या पात्रात राहत असत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्याही एकशे चार माणसांना हातांत बेड्या घालून लष्करी विमानाने अमृतसरला आणून सोडले. त्यांत महाराष्ट्रातलेही काही होते. त्यांचा अपराध आणि पेठेतल्या गुंडाचा अपराध एका मापाचा नाही, हे उघड आहे. परंतु पुलाच्या या बाजूचे लोक दोन्हीकडे एकच मानतात, की मनुष्य हद्दीपलीकडे गेला म्हणजे आपले त्याच्याशी असलेले कर्तव्य संपले. आणि शिरवळच्या दुकानदाराला भय नाही काय? तेथल्या बायकांना रस्ता मोकळा नको काय? जिल्ह्याची सरहद्द महसुलाच्या सोयीसाठी आखलेली असते. तीच धर्माधर्माची सीमा मानण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हणून माझी विनंती तीन ठिकाणी आहे. हुकुमावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने त्या इसमाने कोठे जाऊ नये हे लिहिताना, तो कोठे राहील आणि काय काम करील याचीही चौकशी करून ती कागदावर नोंदवावी. शिरवळ, लोणंद, शिंदेवाडी अशा काठावरच्या गावांतल्या पंचांनी व देवस्थानांनी नेवासे आठवून अशा एखाद्या माणसाला एक खोली आणि एक ओळखपत्र मिळवून द्यावे. आणि पुण्यातल्या गणेश मंडळांनी, ज्यांच्या ढोलपथकांत ही मुले वाढली, त्यांची दोन वर्षांची मुदत कोणत्या तारखेस संपते हे आपल्या वहीत टिपून ठेवावे, व त्या दिवशी कामाची निश्चित सोय हाती घेऊन दोन माणसे नीरेच्या पुलावर पाठवावीत.